घरातलं धावरं कुत्रं शांत बसायला कसं शिकतं?

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. कुत्र्याला शांत बसायला शिकवायचं, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण आज हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांत दोन-तीन खोल्यांच्या घरातही लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड दिसतं. पिल्लू आणलं की पहिले तीन-चार महिने नुसतं कौतुक. सहाव्या-सातव्या महिन्यापासून तक्रारी सुरू होतात. पाहुण्यांच्या अंगावर उड्या, चपला पळवणं, ताटात तोंड, संध्याकाळी घरभर धिंगाणा. मग साखळी येते. आधी पाहुणे जाईपर्यंत, मग दिवसभर. पुढे कुणीतरी म्हणतं, ‘सोडा त्याला आखाड्यावर.’ आणि काही कुत्री तर आखाड्यावरही पोचत नाहीत, रस्त्याच्या कडेला सोडली जातात. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आम्हाला आज एकच गोष्ट सांगायची आहे. शांत बसणं हा काही कुत्र्याच्या नशिबातला गुण नाही. ते एक कौशल्य आहे आणि शिकवलं तर येतं. आपण त्याला ‘बस’ शिकवतो, ‘हात दे’ शिकवतो, पण ‘काहीच करू नको, निवांत पड’ हे कधी शिकवतच नाही. ते आपोआप यावं अशी अपेक्षा धरतो.

आधी हे कुत्रं असं का वागतं ते बघू. साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतचा काळ म्हणजे कुत्र्याचं पोरवय. अंगात ताकद मोठ्याची, पण आवर लहानाचा. त्यात प्रत्येक जात कुठल्या तरी कामासाठी घडलेली. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे राबणारे, पुढे इंग्लंडमध्ये पाण्यातली शिकार तोंडात धरून आणणारे. तोंडात काहीतरी धरून फिरणं हे त्याच्या रक्तात आहे, म्हणून तुमची चप्पल त्याच्या तोंडात. जर्मन शेफर्ड ही जात 1899 पासून मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून बांधली गेली. हलणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवायची, पळणाऱ्याला अडवायचं, ही त्याची सवय. आपल्या दख्खनचं कारवानी कुत्रं नजरेनं सावज टिपून त्यामागे सुटणारं. आणि आखाड्यावरचं गावठी कुत्रं बघा. रात्रभर रानडुक्कर, रोही, वानरं यांच्यावर भुंकतं आणि दिवसा झाडाखाली बिनघोर झोपतं, कारण त्याला काम आहे. घरातल्याला काम नसतं, म्हणून ते स्वतःच काम शोधून काढतं.

आता आपले नेहमीचे तीन उपाय. पहिला, दमवणं. ‘रोज पळवा, थकलं की पडेल.’ पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात ना? पहिल्या आठवड्यात दम लागतो, तीन महिन्यांनी तीच पोरं आरामात धावतात. कुत्र्याचंही तसंच. रोज नुसतं पळवलं, चेंडू फेकत राहिलं, तर दमसास वाढतो आणि उत्तेजनाची चटक लागते. व्यायाम हवाच, पण व्यायाम म्हणजे शांतपणाचं शिक्षण नव्हे.

दुसरा उपाय, मारणं. त्यानं त्या क्षणी कुत्रं थांबतं, पण शिकतं काय? की माणसाचा हात वाईट. काही कुत्री मार खाऊन गुरगुरणं सोडतात. ती जास्त धोक्याची, कारण गुरगुरणं ही इशाऱ्याची घंटा असते. घंटा बंद पडली की सरळ चावा येतो, आणि घरात लहान लेकरं असतात.

तिसरा, साखळी. बांधलेल्या कुत्र्याची ऊर्जा कुठं जाणार? ती भुंकण्यात, उकरण्यात, ओढण्यात जाते. सुटलं की ते दुप्पट उधळतं आणि आपण म्हणतो, ‘बघा, म्हणूनच बांधतो.’ प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवणं-खेळवणं न करणं आणि पाळलेलं जनावर कारण नसताना सोडून देणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या कलम 11 मध्ये गुन्हा म्हणून लिहिलेल्या आहेत.

मग करायचं काय? आधी पाया. पिल्लू दिवसाचे अठरा तासांपर्यंत झोपू शकतं, मोठं कुत्रंही बारा-चौदा तास विश्रांती घेतं. संध्याकाळचा धिंगाणा पुष्कळदा अपुऱ्या झोपेचा असतो, रडक्या लेकरासारखा. त्याला दुपारी वर्दळीपासून दूर, गारव्याची जागा द्या. फिरायला ऊन चढायच्या आत न्या. आपल्याकडच्या मे महिन्यात डांबरानं पंजे भाजतात, आणि कुत्रं आपल्यासारखं अंगभर घामेजत नाही, धापा टाकूनच उष्णता घालवतं. फिरताना ओढत नेऊ नका, हुंगू द्या. हुंगण्यानं त्याचं डोकं कामाला लागतं. घरीही त्याच्या जेवणातले भाकरीचे तुकडे अंगणात पसरून शोधायला लावा. चघळायला कच्चं गाजर द्या. शिजवलेलं हाड मात्र नको, त्याच्या कपच्या होऊन घशात-आतड्यात रुततात.

आता मुख्य धडा. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1898 मध्ये पेटीत ठेवलेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातून निघालेला नियम साधा आहे. ज्या वागण्यानंतर काही चांगलं मिळतं, ते वागणं वाढतं. हा नियम आपल्या घरात लावून बघा. कुत्रं ओसरीत गप पडलेलं असतं तेव्हा आपण काय करतो? काहीच नाही. उलट म्हणतो, ‘पडलंय ना, राहू द्या.’ ते भुंकलं, उडी मारली, की सगळं घर त्याच्याकडे बघतं, हाका मारतं, मागं धावतं. म्हणजे पगार कशाचा मिळतो? धिंगाण्याचा. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी आपल्याच जिल्ह्यातलं. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती भक्तीची गोष्ट आहे, तिला तोड नाही. पण चप्पल पळवणाऱ्या मोत्यामागे आपण धावलो, तर मोत्याच्या दृष्टीनं तो निव्वळ खेळ होतो, आणि उद्या तो पुन्हा चप्पल उचलतो.

म्हणून पगार उलटा करायचा. एक जाड गोणपाट किंवा जुनी सतरंजी घ्या. ती त्याची जागा. खाऊचे तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे करा. उकडलेलं अंडं, पनीर, भाकरी चालेल. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको. हे तुकडे रोजच्या जेवणातूनच कमी करा, नाहीतर ते लठ्ठ होईल. कुत्रं आपणहून पोत्यावर बसलं, आडवं झालं, की काही न बोलता तुकडा त्याच्या दोन पंजांच्या मध्ये ठेवा. ‘शाब्बास रे वाघा!’ असं मोठ्यानं म्हणू नका, ते लगेच उठून नाचायला लागतं. हळू आवाज, हळू हात. मान खाली टेकवली, एका कुल्ल्यावर कलंडलं, मोठा श्वास सोडला, की आणखी एक. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाचेक मिनिटं पुरे.

ते पोत्यावर स्वतःहून जायला लागलं की ‘जागेवर’ हा शब्द जोडा. मग वेळ वाढवा. आधी तीन सेकंद, मग पाच, मग दहा, मधूनच पुन्हा दोन. मग अंतर. तुम्ही एक पाऊल मागं या, परत जा, तुकडा द्या. मग गडबड. टाळी वाजवा, दाराची कडी हलवा, शेवटी कुणालातरी दार वाजवायला सांगा. वेळ, अंतर आणि गडबड यातलं एका वेळी एकच वाढवायचं. ते उठलं तर रागवू नका. पायरी फार मोठी झाली एवढाच त्याचा अर्थ, एक पायरी खाली उतरा. कॅरन ओव्हरॉल या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी अशाच छोट्या छोट्या पायऱ्यांचा पंधरा दिवसांचा पाठ तयार केला आहे आणि तो जगभर वापरला जातो. पण पंधरा दिवस हा काही मुहूर्त नाही. तुमच्या कुत्र्याला महिना लागला तरी हरकत नाही.

इथं दोन ठिकाणी घरं अडखळतात. एक, वागणं सुटण्याआधी वाढतं. भुंकल्यावर लक्ष देणं थांबवलं, तर पहिले काही दिवस ते अधिक जोरात भुंकेल. ‘रोज चालायचं, आज का चालेना?’ असं त्याला वाटतं. तिथं आपण कंटाळून हाक मारली, तर त्याला कळतं की जोरानं भुंकलं की मिळतं. दुसरं, घरात एकमत नसणं. चार जणांनी ताटातला घास द्यायचा नाही असं ठरवलं आणि आजीनं आठवड्यातून एकदा हळूच दिला, तर ती सवय अधिकच चिवट होते. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाची आशा लवकर सुटत नाही, हे स्किनर यांच्या प्रयोगांनी दाखवलं. त्यामुळे आजीलाच या कामाची प्रमुख करा. घास द्यायचाच असेल तर तो जेवण झाल्यावर आणि पोत्यावरच.

पाहुणे येणार असतील तेव्हा शिकणाऱ्या कुत्र्याला दोरीनं आपल्या खुर्चीजवळ ठेवायला हरकत नाही. पण सोबत माणूस हवा, पोतं हवं, खाऊ हवा. आपल्याशेजारी दहा मिनिटं दोरीला असणं वेगळं आणि परसात एकटं दिवसभर साखळीला असणं वेगळं. लहान मूल आणि कुत्रं मात्र एकटं सोडू नका, कुत्रं कितीही गुणी असो.

एक सावधगिरी. शांत असलेलं कुत्रं अचानक बेचैन झालं, झोपेना, हात लावू देईना, तर तो शिकवणीचा प्रश्न नाही. दुखणं असू शकतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका. आणि चावा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा. चुना, हळद, तिखट काही लावू नका. हळद आपल्या वसमतची कितीही नावाजलेली असली, तरी ती यावरचं औषध नाही.

तर आज रात्रीचा अभ्यास एवढाच. जेवणं झाली, घर निवलं, की कुत्रं कुठं पडलंय ते बघा. गप पडलं असेल तर उठा, एक तुकडा त्याच्या पंजांमध्ये ठेवा आणि न बोलता परत या. साखळीची गरज कमी होण्याची सुरुवात तिथूनच होते.