आकाशातल्या रांगेवरचे प्रबंध

नवी मुंबईचा विमानतळ उभा राहताना लोकांनी बरेच काही डोळ्यांनी पाहिले. उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले, खाजणावर भराव पडला आणि १,१६० हेक्टरच्या त्या पसाऱ्यात ३,७०० मीटरची धावपट्टी तयार झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला प्रवासी विमाने सुरू झाली. या विमानतळाचा सगळ्यात अवघड भाग मात्र कुणाला दिसत नाही, कारण तो आकाशात आहे. सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर सांताक्रूझ-सहारचा जुना विमानतळ आहे. तिथली मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, इथलीही जवळपास तशीच. वारा पश्चिमेचा असला की दोन्हीकडे उतरणारी विमाने पूर्वेकडूनच येणार. आकाश एक आणि वाटेकरी दोन.

हे वाटप कसे करावे, हा विमानवाहतुकीतल्या ऑपरेशन्स रिसर्चचा, म्हणजे संक्रिया संशोधनाचा, प्रश्न आहे. कोणते विमान कोणत्या क्रमाने उतरवायचे, कुणाला जमिनीवरच थांबवायचे, वैमानिकांच्या पाळ्या कशा लावायच्या, कोणते तिकीट कितीला विकायचे, हे सारे गणिताने ठरवणारी ही विद्या आहे. अमेरिकेतल्या ‘इन्फॉर्म्स’ या संस्थेचा विमानवाहतूक विभाग या विषयातल्या उत्कृष्ट पीएचडी प्रबंधाला पारितोषिक देतो. १९६१ साली विमान कंपन्यांमधल्या गणितज्ञांनी स्थापन केलेली ‘एजीफॉर्स’ ही संघटना विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी अ‍ॅना व्हॅलिसेक यांच्या नावाने पुरस्कार देते. बाहेरच्या जगाला या पुरस्कारांची फारशी खबर नसते. मला ते मोलाचे वाटतात, कारण या विद्येचे यश म्हणजे काहीच न घडणे. विमान वेळेवर उतरले, कुणी घिरट्या घातल्या नाहीत, पुढचे विमान चुकले नाही. मग टाळी कुणासाठी वाजवायची?

काम किती बारीक असते, ते एका उदाहरणावरून कळेल. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे उठतात, म्हणून मागच्या विमानाला अंतर ठेवावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अवजड विमानामागे मध्यम विमान असेल तर ५ सागरी मैल, अवजडामागे अवजड असेल तर ४. मध्यम विमानामागे मध्यम किंवा अवजड विमान असेल तर रडारवरचे नेहमीचे ३ मैल पुरतात. आता दोन अवजड आणि दोन मध्यम विमाने आली आहेत असे समजा. ती अवजड-मध्यम-अवजड-मध्यम अशी उतरवली तर अंतरांची बेरीज १३ मैल होते. आधी दोन्ही मध्यम आणि मग दोन्ही अवजड घेतली तर १०. विमाने तीच, धावपट्टी तीच, आणि मिनिटाहून जास्त वेळ वाचला. पण दहा विमानांचे क्रम ३६,२८,८०० होतात. शिवाय निव्वळ वेळ वाचवायचा म्हटले तर एखादे बिचारे विमान सतत मागे ढकलले जाईल.

१९७६ साली रॉजर डिअर यांनी एमआयटीतल्या पीएचडी प्रबंधात यावर तोड सुचवली. जो आधी आला त्याचा नंबर आधी, हा क्रम मूळ धरायचा. मात्र कोणत्याही विमानाला त्या नंबरापासून ठरावीक जागांपलीकडे पुढे-मागे सरकवायचे नाही. न्यायही राहिला आणि नियंत्रकाला पेलेल इतकाच बदल झाला. ही कल्पना संगणकावर झटपट चालवणे मात्र बरीच वर्षे अवघड मानले जात होते. चेन्नईच्या आयआयटीत शिकलेल्या हम्सा बालकृष्णन आणि त्यांचे सहकारी बाला चंद्रन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, हे उत्तर काढायला लागणारा वेळ विमानांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढतो. एका प्रबंधातला धागा चौतीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या हातून पूर्ण झाला. प्रबंधाचे मोल पदवीच्या दिवशी कळत नाही, ते असे.

तिकिटांच्या बाजूलाही हेच दिसते. स्वस्तातली जागा आज विकावी की उद्या येणाऱ्या घाईतल्या प्रवाशासाठी राखावी, याचा पहिला नेमका नियम बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी १९७२ साली एजीफॉर्सच्या परिषदेत मांडला. पीटर बेलोबाबा यांनी १९८७ च्या एमआयटी प्रबंधात तो अनेक दरांसाठी वापरता येईल असा वाढवला आणि जगभरच्या विमान कंपन्यांनी ती रीत उचलली.

आपल्याला सर्वांत जवळचा प्रबंध मात्र विक्रांत वझे यांचा. पवईच्या आयआयटीतून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते एमआयटीत गेले आणि सिंथिया बार्नहार्ट यांच्या मार्गदर्शनाखाली २०११ मध्ये त्यांनी पीएचडी पूर्ण केली. विषय होता विमान कंपन्यांमधली चढाओढ आणि विमानतळांवरची कोंडी. प्रत्येक कंपनी प्रवासी ओढण्यासाठी फेऱ्या वाढवते. सगळ्यांनीच वाढवल्या की धावपट्टी तुंबते आणि तोटा सगळ्यांचाच होतो. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाची आकडेवारी घेऊन वझे आणि बार्नहार्ट यांनी दाखवले की, वाटपाच्या वेळा, म्हणजे स्लॉट, थोडेसेच कमी केले तर उशीर बराच घटतो आणि कंपन्यांचा नफाही सुधारतो.

लाग्वार्डियाला दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. सांताक्रूझलाही तसेच. सांताक्रूझला त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरावी लागते. तिथे २० जानेवारी २०१८ रोजी चोवीस तासांत ९८० विमानांची ये-जा झाली. विक्रम म्हणून त्याचे कौतुक झाले; मला त्यात श्वास कोंडल्याची खूण दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतल्या फेऱ्या ४६ वरून ४४ आणि इतर वेळच्या ४४ वरून ४२ वर आणायला लावल्या. कारण सरकारनेच दिले होते: विमाने शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालत होती आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन जळत होते. लाग्वार्डियाच्या आकड्यांवर तपासलेला उपाय तोच होता: थोडे कमी करा.

मग मुंबईवरचे असे प्रबंध का दिसत नाहीत? बुद्धीची वाण नाही. पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभियांत्रिकी आणि ऑपरेशन्स रिसर्चचा स्वतंत्र विभाग आहे, देशाची ऑपरेशनल रिसर्च सोसायटी १९५७ पासून आहे. अडचण नोंदींची आहे. अमेरिकेत प्रमुख कंपन्यांच्या देशांतर्गत उड्डाणांपैकी एकेकाची वेळ आणि उशीर सरकार कुणालाही पाहायला खुला ठेवते. म्हणून कुठल्याही देशातला विद्यार्थी लाग्वार्डियावर प्रबंध लिहू शकतो. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय महिन्याच्या गोळाबेरजा प्रसिद्ध करते. गोळाबेरजेतून रांग दिसत नाही. पुरस्कार कुणाला मिळतो याआधी हे पाहिले पाहिजे की, प्रबंध लिहिण्याजोगे साहित्य कुणाच्या हाती पडते.

साहित्य मिळाले तर विषय दाराशीच आहे. न्यूयॉर्कचे तीन विमानतळ एकाच आकाशात कसे नांदतात यावर तिथे खूप लिहिले गेले. आपल्या दोन विमानतळांचे प्रश्न त्याहून वेगळे आहेत. पावसाळी वाऱ्यात कुणाच्या विमानाने थांबायचे, एका कंपनीची विमाने दोन्हीकडे असतील तर तिला अदलाबदल करू द्यायची का, वाट पाहण्याचा भार दोघांत न्यायाने कसा वाटायचा. नवी मुंबईत पहिलीला समांतर, १,५५० मीटर अंतरावर दुसरी धावपट्टी ठरलेली आहे. पीएचडीला चार-पाच वर्षे लागतात. तेव्हा त्या दुसऱ्या धावपट्टीच्या वेळी ज्या प्रबंधाची गरज पडेल, तो लिहिणाऱ्या मुलीने किंवा मुलाने विषय आत्ताच निवडायला हवा, आणि नोंदीही आत्ताच मिळायला हव्यात.