अकोल्यात उणे ४०!

मे महिना, अकोला, दुपारचे दोन. बाहेर ४४ अंश. कूलरसमोरून उठायची कुणाची तयारी नाही. आणि आत्याची इलेक्ट्रिक गाडी म्हणतेय, मला थंडी वाजतेय!

तोंडाने नाही हं. पडद्यावर एक कासव उमटलं होतं. काही इलेक्ट्रिक गाड्यांत असं कासव असतं. ते दिसलं की समजायचं, बाईसाहेब आता हळूच चालणार. पेडल कितीही दाबा, चाल बैलगाडीची.

गॅरेजवाल्या काकांनी स्कॅनर जोडला. बॅटरीतले तापमापक सांगत होते ३९, ४०, ३९. बॅटरी गार ठेवणाऱ्या कूलंटचा तापमापक मात्र म्हणत होता उणे ४०. शेजारी शेजारी राहून एवढा फरक? गाडीलाही ते पटलं नव्हतं. पण खरं कोण बोलतंय कळेना, म्हणून तिने आपलं कासव व्हायचं ठरवलं. मला तर हे शहाणपणाचंच वाटलं. लिथियमची बॅटरी फार तापली तर धोका असतो, आणि गोठवणाऱ्या थंडीत घाईने चार्ज केली तरी ती बिघडते.

पण उणे ४०च का? उणे १७ का नाही?

गंमत अशी, की या तापमापकाला तापमान कळतच नाही. त्याच्या पोटात डाळीच्या दाण्याएवढा थर्मिस्टर असतो. त्याचं काम एकच, विजेची वाट अडवायची. गार असला की तो जास्त अडवतो, तापला की सोडून देतो. तांब्याची तार याच्या बरोबर उलटी वागते, म्हणून १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उलटा स्वभाव दिसला तेव्हा मायकेल फॅरडेही चकित झाले होते. गाडीतला संगणक या वाटेवर ५ व्होल्ट लावतो, रोध किती ते बघतो आणि त्यावरून तापमान ठरवतो.

आता तार तुटली तर? वीज जाणारच नाही. संगणकाला वाटतं, बापरे, केवढा हा रोध! म्हणजे केवढी ही थंडी! मग तो सगळ्यात खालचा आकडा सांगून मोकळा होतो. गाड्या तपासायच्या एका सर्रास चालणाऱ्या पद्धतीत तापमान ० ते २५५ अशा आकड्यात पाठवतात आणि वाचताना त्यातून ४० वजा करतात. शून्यातून ४० गेले, राहिले उणे ४०. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर याच्या उलट. रोध नाहीसा होतो आणि गाडीला वाटतं, कूलंटला उकळी फुटली!

काकांनी तेच करून पाहिलं. तापमापकाचा कनेक्टर काढला आणि त्याच्या दोन टोकांना वायरीचा छोटा तुकडा लावला. स्कॅनरवरचा आकडा टुणकन वर! म्हणजे संगणक ठीक, तिथपर्यंतची तारही ठीक. मग मल्टिमीटरने तापमापक मोजला. तोही शहाणा निघाला. राहिला कोण? काकांनी टॉर्चच्या उजेडात दाखवलं, कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट गंज चढला होता. पिन साफ केली, कासव गायब. (हे बारीक तारांचं काम. जाड नारिंगी तारांना काकाही हातमोजे घातल्याशिवाय हात लावत नाहीत. तुम्ही तर मुळीच लावायचा नाही.)

सगळे बिघाड इतके भोळे नसतात. एखादा तापमापक आठच अंश जास्त सांगतो, आणि आठ अंशांचा संशय कोण घेणार? त्याला पकडायला काका गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवतात. सकाळी चालू करण्याआधी सगळे आकडे जवळपास सारखे हवेत. एकटाच वेगळं बोलला, की चोरी पकडली.

घरी करून बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १० हजार ओहमचा एनटीसी थर्मिस्टर मिळतो. मल्टिमीटरला जोडा आणि चिमटीत धरा, आकडा उतरू लागेल. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात बुडवा. आकडा ३० हजारांच्या आसपास जायला हवा. नाही गेला, तर थर्मिस्टरला नावं ठेवण्याआधी वायरी तपासा.