लिंक सगळ्यांना गेली, पण फॉर्म सगळ्यांना भरता आला का?

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली सारखी कसली ना कसली लिंक येऊन पडते. कधी पाण्याचा सर्वे, कधी शाळेचा. खाली ओळ असते, ‘सर्वांनी आजच भरावे’. या सर्वांत गावातले अंध, कर्णबधिरही आले. मोबाइल त्यांच्याकडेही आहे. पण फॉर्मच असा बनवलेला असतो की त्यांना तो भरता येत नाही. मग ग्रामपंचायतीसमोर रॅम्प पाहिजे हे ज्यानं सांगायचं, तोच आकड्यांतून गळतो. 2011 च्या जनगणनेत राज्यात 29 लाख 63 हजारांवर दिव्यांग नोंदले गेले होते.

अंध व्यक्ती अँड्रॉइड फोन ‘टॉकबॅक’वर चालवतात. स्क्रीनवरची अक्षरं ते मराठीत वाचून दाखवतं. अक्षरं वाचतं, फोटोतला मजकूर बहुतेक वेळा नाही. खरी मेख इथंच आहे. सूचनापत्र टाइप करायचं, त्याचा फोटो काढायचा आणि तोच फॉर्मच्या डोक्यावर चिकटवायचा, ही आपल्याकडची रीत. सोबतची पीडीएफ जुन्या मराठी फॉन्टमध्ये असली तर आणखी गंमत. डोळ्यांना मराठी दिसतं, कानावर मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी पडते.

उपाय खर्चाचा नाही. मजकूर युनिकोडमध्ये थेट फॉर्मवरच टाइप करावा. फोटो टाकायचाच तर त्यात काय आहे ते खाली लिहावं. एकाच प्रश्नात उभ्या-आडव्या चौकटींचा तक्ता देण्यापेक्षा सुटे प्रश्न विचारावेत. ‘लाल रंगातील प्रश्न भरणे बंधनकारक’ असं लिहून भागत नाही, प्रश्नापुढंच ‘आवश्यक’ हा शब्द पाहिजे. ज्यांचा हात नीट चालत नाही त्यांना वेळेची मर्यादा घालू नये. आणि मदतीसाठी नुसता फोन लावायचा नंबर दिला, तर कर्णबधिर माणसानं काय करायचं? मेसेज चालेल असा नंबर द्यावा. माहितीचा व्हिडिओ असेल तर बोललेलं खाली अक्षरांत दिसावं.

घरातलं कुणीतरी भरून देईल, असं सर्रास म्हटलं जातं. पण पोरगा भरतो तेव्हा उत्तरं पोराची असतात. घरात त्रास होतो का, असा प्रश्न असला तर विचारायलाच नको.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सुलभ करण्याची तरतूद आहे. केवायसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 रोजी डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

लिंक पाठवण्याआधी फॉर्म बनवणाऱ्यानं स्वतःच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन टॉकबॅक सुरू करावं. (बंद कसं करायचं ते आधी शिकून घ्यावं, नाहीतर फोन ऐकत नाही.) बोट उजवीकडं सरकवलं की पुढची ओळ, दोनदा टकटक केलं की निवड. मग डोळे मिटून आपलाच फॉर्म शेवटपर्यंत भरून बघावा. जिथं अडकेल, तिथं दुरुस्ती करावी. गावातल्याच एखाद्या अंध व्यक्तीला आधी भरायला दिला तर आणखी चांगलं. आणि ज्यांच्याकडं फोनच नाही, त्यांच्या घरी हाच फॉर्म कागदावर घेऊन जावा लागेल.