व्हॉल्व्हची जवारी

मिरजेचा तंबोरा ज्या घरांत तीन-तीन पिढ्या कोपऱ्यात उभा आहे, त्या घरांत विजेच्या गिटारचे नाव निघाले की अजूनही भुवया वर चढतात. आमच्याही चढत. परंतु गेल्या महिन्यात पिरनवाडीस बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथे एका गिटारवेड्या मुलाच्या निमित्ताने तंबोऱ्याकडेच पुन्हा नव्याने पाहावे लागले.

बेळगावहून खानापूरकडे निघाले की उद्यमबागेतील कारखाने मागे पडतात आणि पुढे पिरनवाडी लागते. बहिणीचे घर जुन्या पद्धतीचे, शेजाऱ्याशी भिंत सामाईक. तिच्या सासूबाई माजघरात झोपतात, आणि भाच्याची खोली माजघराला लागून. भाचा दिवसभर उद्यमबागेत लेथवर उभा असतो व संध्याकाळी गिटार घेऊन बसतो. दोन वर्षे पगारातून बाजूला टाकून त्याने तीस हजार रुपये जमवले होते. कोणी ऑर्केस्ट्रावाला आपला पन्नास वॅटचा जुना ॲम्प्लिफायर तेवढ्यालाच काढून टाकत होता.

“मामा, अस्सल व्हॉल्व्हचा आहे. नव्या लहानग्याच्या पैशात एवढा मोठा मिळतोय. घेऊन टाकू काय?”

मी म्हटले, “घाई कशाला? बघूया की.”

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको. रेडिओ लावल्यावर अर्धा मिनिट थांबावे लागे, मग आत तांबूस दिवे उजळत आणि आवाज येई. तेच ते दिवे. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतून ते गेले. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून मात्र ते गेले नाहीत, आणि याचे कारण नुसती जुन्याची हौस नव्हे. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून थोडा अधिक जोराचा स्वर दिला, की तो स्वर एकदम तुटत नाही. त्याची टोके गोलसर दबतात आणि मूळ स्वरासोबत त्याचे उपस्वर उमटू लागतात. एकाच पॉवर-व्हॉल्व्हवर चालणाऱ्या लहान ॲम्प्लिफायरमध्ये त्यांतला ठळक उपस्वर असतो तो दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. साध्या ट्रान्झिस्टरला असे ताणले तर टोके कातरल्यासारखी कापली जातात आणि आवाज कर्कश होतो.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला निसटती घासते आणि एका तारेतून अनेक स्वर उमलतात. षड्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, तो याच वाटेने. जवारी बंद असेल तर तंबोरा मुका वाटतो. व्हॉल्व्हचेही असेच आहे. तो आपल्या मर्यादेला घासला पाहिजे, तरच गोडवा.

आणि पन्नास वॅटची खरी अडचण हीच. तो व्हॉल्व्ह मर्यादेला घासेल तेव्हा अर्धी पिरनवाडी जागी होईल. घरच्यांसाठी आवाज उतरवून ठेवला, तर पैसे मोजलेला गोडवा निघणारच नाही. काही ॲम्प्लिफायरना पुढच्या टप्प्याचा आवाज वेगळा आणि एकूण आवाज वेगळा अशा दोन चाव्या असतात. त्यांनी थोडी सोय होते, पण पॉवर-व्हॉल्व्ह झोपलेलाच राहतो.

वॅटचा हिशेब आपल्याला सहसा फसवतो. पन्नास वॅट म्हणजे पाच वॅटच्या दसपट आवाज, असे मुलांना वाटते. कानाला तो साधारण दुप्पटच भासतो. उलट, गिटारसाठी बनवलेला बारा इंची चांगला स्पीकर अवघ्या एका वॅटवर, एक मीटर अंतरावरून ९७ ते १०० डेसिबल आवाज देतो. दोन माणसांचे साधे बोलणे ६० च्या आसपास असते. म्हणजे एक वॅटसुद्धा माजघराला जड. एक दशांश वॅटवर आणले तरी स्वयंपाकघरातल्या मिक्सरइतका आवाज राहतोच.

तेव्हा घरासाठी पाच वॅट पुष्कळ झाले, आणि तेही उतरवण्याची सोय हवी. बुगेराच्या ‘व्ही-५’ ला पाच, एक आणि एक दशांश वॅट असा स्विच आहे; मार्शलचा ‘डीएसएल-१’ एका वॅटचा असून तो एक दशांशावर आणता येतो. लहानपणाची लाज बाळगण्याचे कारण नाही. एरिक क्लॅप्टनने १९७० साली ‘लायला’ ची ध्वनिमुद्रणे केली, ती फेंडरच्या ‘चॅम्प’ या पाचेक वॅटच्या डबीवर.

स्वस्त ॲम्प्लिफायरमध्ये काटकसर होते ती स्पीकरवर. सहा-आठ इंची स्पीकर आणि टिचभर पेटी यांतून आवाज येतो, पण लहान भोपळ्याच्या तंबोऱ्यासारखा. म्हणून बाहेरचा स्पीकर जोडण्याची जागा मागे आहे की नाही, हे पाहून घ्यावे. पुढे कधी बारा इंची स्पीकरची पेटी जोडता येते. मात्र तिचे ओहम त्या जागेवर लिहिलेल्या आकड्याशी जुळले पाहिजेत, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. उद्यमबागेच्या आसपास मोटारी बांधून देणारे कुशल हात पुष्कळ आहेत, पण या ट्रान्सफॉर्मरचे थर एकात एक गुंफलेले असतात. ते मोटारीच्या वाइंडिंगचे काम नव्हे.

दुकानात ‘व्हॉल्व्ह’ हा शब्द ऐकून भुलू नये. पुष्कळ ठिकाणी पुढच्या टप्प्यात शोभेपुरता एक दिवा आणि बाकी सगळे ट्रान्झिस्टर, असा प्रकार असतो. मागून वाकून पाहावे: पुढच्या टप्प्याच्या दिव्याशिवाय पॉवरचा वेगळा दिवा हवा आणि ट्रान्सफॉर्मर दोन हवेत, एक विजेचा व एक स्पीकरचा.

लहान ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा ईसीसी-८३ आणि ईएल-८४ हे दिवे असतात. यांतला ईएल-८४ आपल्या जुन्या रेडिओंतही असे. १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही पुढे हे दिवे बनवले; ते उत्पादन केव्हाच थांबले. आता ते येतात मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथून. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभरच्या वादकांची धावपळ उडाली होती. म्हणून दुर्मिळ दिव्यांचा ॲम्प्लिफायर कितीही देखणा असला तरी सामान्य घराने त्या वाटेस जाऊ नये.

अमेरिकेतल्या आप्ताने सोबत आणलेल्या ॲम्प्लिफायरविषयीही एक शब्द. तो १२० व्होल्टचा असतो; आपल्या २३० ला थेट लावला की संपला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून भागते, पण केवळ साठ सायकलींसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या पन्नास सायकलींवर अधिक तापतो.

भाच्याला मी एक गोष्ट मात्र दरडावून सांगितली. कॉलेजात असताना घरचा रेडिओ दुरुस्त करण्याच्या हौसेने मी प्लग काढून, चांगली दहा मिनिटे थांबून आत हात घातला, आणि भिंतीवर जाऊन आदळलो. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरांत तीन-चारशे व्होल्ट साठून राहू शकतात. दिवे बदलणे वेगळे. पत्रा उघडून आत हात घालणे जाणत्याकडेच सोपवावे. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला तार जोडलेली असतेच असे नाही. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. आत दोष झाला आणि अर्थिंग नसले, तर तो झटका वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो.

ऑर्केस्ट्रावाल्याला भाच्याने नकार कळवला. मग बेळगावात एका ओळखीच्याकडे आम्ही पाच वॅटचा ऐकला. पाचावर त्या घरची खिडकी थरथरली, एकावर बोलणे ऐकू येईना, एक दशांशावर मात्र चावी पूर्ण फिरवताच सूर असा काही फुलला की मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. पाच वॅटवरचा भारदस्तपणा त्यात नव्हता, हे मी त्याला सांगितले. त्यालाही ते ऐकू आले होते. घरी त्या आवाजात वाजवून चालेल का, हे सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “नऊपर्यंत वाजव. पण गुरुवारी भजन असतंय, त्या दिवशी नको.”

ॲम्प्लिफायर अजून घेतलेला नाही. खोलीतला सॉकेट तपासला तेव्हा तिसरी पिन मोकळीच निघाली. रविवारी वायरमन येणार आहे. अर्थिंगचा खड्डा परसात, नारळाजवळ काढायचे ठरले आहे.