लाकडातला पीळ

विमानाच्या प्रोपेलरचं पातं लांबून सपाट, तिरकं दिसतं. तासायला घेतलं की कळतं, त्याचा कोन दर दोन बोटांवर बदलतो. पाइनच्या हातभर फळीवर मी रेघा मारल्या, प्रत्येक रेघेसाठी पुठ्ठ्याचा वेगळा फर्मा कापला आणि ओळखीच्या सुतारकाकांच्या पडवीत बसलो. वाकसाने जाड ढलपे उडाले, पुढे पटाशी, शेवटी कानस. काका एकच गोष्ट बजावत होते, ‘रेघ राखून तासा.’ आसाजवळ पातं जवळजवळ उभं, टोकाकडे आडवं होत जाणारं.

हा पीळ हवाच मागते. एका फेऱ्यात टोक मोठं वर्तुळ कापतं, आसाजवळचा भाग लहान. पुढे मात्र दोघं सारखंच सरकतात. त्यामुळे प्रत्येक भागाला हवा वेगळ्या दिशेने भिडते.

1902 सालच्या हिवाळ्यात डेटनच्या राइट बंधूंना वाटलं होतं, जहाजांच्या प्रोपेलरचं गणित पुस्तकांत तयार मिळेल. मिळालं नाही. मग दोघं इतके वाद घालत की शेवटी एकमेकांच्या बाजूने बोलू लागत. त्यातून निघालेला विचार मला विमानाच्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो: प्रोपेलर म्हणजे गोल फिरत पुढे जाणारा पंखच. पंखांचे आकडे त्यांच्यापाशी होते. 1901 साली सहा फुटी लाकडी खोक्यात वारा सोडून, करवतीची पाती आणि सायकलच्या तारा वापरून केलेल्या काट्यांवर त्यांनी छोट्या पंखांचे कितीतरी आकार तोलले होते.

प्रत्यक्ष पाती स्प्रूसच्या तीन फळ्या चिकटवून, कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुरीने तासलेली. प्रोपेलरची टोकापासून टोकापर्यंत लांबी साडेआठ फूट. इंजिन जेमतेम 12 अश्वशक्तीचं, म्हणून ताकद वाया घालवणं परवडणारं नव्हतं. मोठी पाती, सावकाश फेरे, मिनिटाला सुमारे 350. दोन प्रोपेलर उलटसुलट फिरावेत म्हणून इंजिनाची ताकद त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्या एका साखळीला आठच्या आकड्यासारखा तिढा दिला. अशा प्रोपेलरच्या हुबेहूब प्रतिकृती पुढे तपासल्या, तेव्हा इंजिनाची 70 टक्क्यांहून जास्त ताकद कामी येते असं दिसलं. हाताने तासलेल्या, पहिल्याच प्रयत्नातल्या लाकडासाठी हे थक्क करणारं आहे.

उड्डाणासाठी विमान किटी हॉक गावी नेल्यावर प्रोपेलरचे दांडे तडकले, दातेरी चाकं ढिली झाली. चाकं सायकलच्या टायरच्या सिमेंटने घट्ट बसवली. नवे पोलादी दांडे आणायला दोघांतला ऑर्व्हिल डेटनला गेला. 17 डिसेंबर 1903ला विमान 12 सेकंद उडालं, आणि त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात 59 सेकंद, 852 फूट.