नवजात वासराची ऊब : पेशींतील श्वसन व त्याचे नियमन

हिवाळ्यात गाय पहाटेस व्यावी, वासरू धडधाकट दिसावे आणि दिवस वर येण्यापूर्वीच ते गारठून मरावे, असा अनुभव पुष्कळ पशुपालकांच्या वाट्यास येतो. ‘थंडी बाधली’ एवढे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. परंतु थंडी नेमकी कशी बाधते आणि वासराचे शरीर तिच्याशी कसे झगडते, हे समजले तर त्यातील बरीच वासरे वाचविता येतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात शेतीस दूधधंद्याची जोड आहे. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर, सोनई या भागांतही पौष-माघातील रात्री चांगल्याच थंड असतात. म्हणून ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी या विषयाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

पेशींतील भट्टी

प्राण्याचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. बहुतेक पेशींत तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म घटक असतात. अन्नातील साखर व चरबी यांचे प्राणवायूच्या साहाय्याने सावकाश ज्वलन करणे हे त्यांचे काम होय. यासच पेशींचे श्वसन म्हणतात. आपण नाकाने घेतो तो श्वास या आतल्या श्वसनासाठीच असतो.

हे ज्वलन चुलीतील जाळाप्रमाणे एकदम होत नाही. त्याची रीत आपल्या परिचयाच्या मुळा धरणाच्या उदाहरणाने समजेल. धरणात पाणी उंचावर साठते व खाली येताना ते एखादे चक्र फिरवू शकते. त्याचप्रमाणे तंतुकणिका अन्नातील शक्ती खर्चून हायड्रोजनचे भारित कण आपल्या आतील पडद्याबाहेर लोटतात. ते कण परत आत येताना पडद्यातील एक सूक्ष्म चक्र फिरवितात आणि त्यातून ‘एटीपी’ नावाचा पदार्थ तयार होतो. एटीपी म्हणजे पेशींचे रोख चलन. स्नायूंची हालचाल, शरीराची वाढ व इतर सर्व कामे त्यावर चालतात. ही उपपत्ती पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडली व १९७८ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेग कसा आवरला जातो ?

ही भट्टी सदैव सारख्या वेगाने चालत नाही. एटीपी खर्च झाले म्हणजे त्याचे ‘एडीपी’ बनते आणि चक्रास कच्चा माल म्हणून हेच एडीपी लागते. जनावर स्वस्थ असता एटीपीचा खर्च कमी, म्हणून एडीपीही कमी. मग चक्र मंदावते, पडद्याबाहेर कणांचा दाब वाढतो आणि ज्वलनही मंद होते. काम वाढले की याच्या उलट घडते. अशा रीतीने मागणीप्रमाणे पुरवठा राहतो व अन्न वाया जात नाही.

थंडीत जनावर कुडकुडते त्याचे कारण येथेच आहे. थरथरणारे स्नायू एटीपी खर्च करतात, ज्वलन वाढते व त्याबरोबर उष्णता निघते. परंतु नुकत्याच जन्मलेल्या वासरास एवढ्यावर भागवावे लागत नाही. त्याच्याजवळ आणखी एक सोय असते.

तपकिरी चरबी

वासरू, कोकरू व करडू जन्मास येताना आपल्याबरोबर थोडी तपकिरी चरबी आणतात. ती मुख्यतः मूत्रपिंडांभोवती असते. तिच्या पेशींत तंतुकणिकांची दाटी असते व तिचा रंगही त्यामुळेच येतो. या तंतुकणिकांच्या पडद्यात ‘यूसीपी-१’ नावाचे एक प्रथिन असते. ते धरणाच्या सांडव्याप्रमाणे काम करते. कण चक्राकडे न जाता सांडव्यावाटे परत येतात, एटीपी बनत नाही आणि सर्व शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. दाब उतरल्यामुळे ज्वलनावरील लगामही सुटतो.

हा सांडवा एरवी बंद असतो, कारण पेशीतील एटीपीसारखे पदार्थच त्यास अडवून धरतात. कातडीस गारवा जाणवला की मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत हुकूम सुटतो व नॉरॲड्रेनॅलिन हे द्रव्य तपकिरी चरबीत पोहोचते. त्यायोगे चरबी फुटून स्निग्धाम्ले सुटतात. हीच स्निग्धाम्ले सांडवा उघडतात आणि तीच जळणही होतात. ऊब मिळाली की हुकूम थांबतो व सांडवा पुन्हा मिटतो. डुकराच्या पिलांत हे प्रथिन नसते. म्हणून त्यांस थरथरण्यावरच भिस्त ठेवावी लागते व ती थंडीस लवकर बळी पडतात.

मात्र ही ठेव अल्प असते. कडक थंडीत ती काही तासांतच ओसरू लागते आणि जन्मानंतरच्या काही आठवड्यांत तपकिरी चरबीचे रूपांतर साध्या पांढऱ्या चरबीत होते.

यावरून काय करावे ?

१. ओले अंग फार उष्णता घालविते. वासरू जन्मताच नाकातोंडातील चिकटा पुसून काढावा. गायीस ते चाटू द्यावे व कोरड्या गोणपाटाने अंग चोळून कोरडे करावे. चोळण्याने श्वासही नीट सुरू होतो. प्राणवायूवाचून भट्टी पेटत नाही, म्हणून अडून जन्मलेल्या वासराची विशेष काळजी घ्यावी.

२. जन्मानंतर तास-दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहू नये. पहिल्या दिवसात, दोन-तीन वेळा मिळून, वासराच्या वजनाच्या निदान दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जावा. तीस किलोच्या वासरास हे प्रमाण तीन लिटर होते. चिकातील चरबी भट्टीस जळण पुरविते व त्यातील द्रव्ये रोगांपासून रक्षण करतात.

३. जमिनीवर कोरड्या पाचटाचा किंवा भुशाचा जाड थर द्यावा व ओला झाल्यास बदलावा. अंगावर गोणपाट बांधावे. बंद गोठ्यात धूर करणारी शेकोटी ठेवू नये.

४. वासराचे तापमान सुमारे ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सियस असते. ते ३८ च्या खाली उतरल्यास वासरास त्वरित ऊब द्यावी. वासरू निपचित पडले, चोखेनासे झाले, तर तोंडात बळेच चीक ओतू नये. तो फुप्फुसात जातो. अशा वेळी ऊब देत पशुवैद्यास बोलवावे.

५. गाभण गायीस शेवटच्या दोन महिन्यांत पुरेसा चारा व खुराक द्यावा. वासराची ठेव आईच्या पोटातच साठत असते.

शिंगणापुरात घरास कवाड नसणे ही गावची परंपरा आहे आणि माणूस पांघरूण घेऊन झोपू शकतो. वासराचे पांघरूण मात्र त्याच्या पोटातील मूठभर चरबी एवढेच असते. म्हणून गोठ्यास वाऱ्याच्या बाजूने पाचटाचा कूड किंवा गोणपाटाचा पडदा अवश्य असावा. त्यास खर्च फारसा येत नाही, आणि वाचलेली एक कालवड दोन-अडीच वर्षांत घरची दुभती गाय होते.