छातीत धडधडते, पण ते टेन्शनचेच कशावरून?



गळीत हंगाम भर्‍यात आला की आमच्या शेतकी खात्यात येणारे निम्मे सभासद छातीवर हात ठेवूनच बोलतात. तोड लांबलेली, उसाला तुरा आलेला, सोसायटीचे कर्ज थकलेले आणि टोळीचा मुकादम दाद देत नाही. "साहेब, रात्री नुसती धडधड होतीया, डोळ्याला डोळा लागत नाही," असे सांगतात आणि लगेच "चालायचंच" म्हणून तोडीच्या तारखेकडे वळतात. काहींचे उलटे असते. एकदा धडधडले की शेवटच आला म्हणून गाडी करून शहर गाठतात. मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस. परंतु आमच्या घरात हे प्रकरण होऊन गेले आहे, तेव्हा डॉक्टरांकडून जे समजले ते मांडतो.

आमचे मेहुणे ठाण्याजवळ दिव्याला राहतात. वय बत्तीस, नोकरी मुंबईत. मध्य रेल्वेवर मुंब्रा आणि कोपर यांच्यामधले हे जंक्शन. पनवेलकडची आणि वसईकडची लाइन येथूनच फुटते. सकाळी तिथल्या लोकलमध्ये माणसे कशी भरतात, हे ट्रॉलीत मोळ्या रचणार्‍याला वेगळे सांगायला नको. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्यांच्या खोळंब्याला वैतागून प्रवाशांनी तिथे रूळच अडवले होते. पुढे ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा भागात गच्च भरलेल्या लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले, काही जण दगावले. त्या दिवसापासून मेहुण्यांना गाडी फलाटात शिरताना छातीत धडधड, तळहाताला घाम, बोटांना मुंग्या. घरच्यांनी हाय खाल्ली.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, रक्त आणि थायरॉइड तपासले. सारे ठीक निघाले. पण त्याआधी त्यांनी जे प्रश्न विचारले, ते मला फार मोलाचे वाटले. धडधड हळूहळू चढते की बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होते? किती वेळ टिकते? ठोके एकसारखे पडतात की चुकतमाकत? एवढ्यावर न थांबता "टेबलावर बोटाने वाजवून दाखवा" म्हणाले. मेहुण्यांनी वाजवले ते जलद होते, पण एका लयीत.

भीती किंवा काळजी वाटली की मूत्रपिंडावरच्या लहानशा ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. शरीर पळायच्या किंवा झुंजायच्या तयारीला लागते. एरवी बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा पडते, ते अशा वेळी वाढते. श्वास भरभर होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात. अमेरिकेतील यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये डॉक्टर डाकोस्टा यांनी अशीच धडधड पाहिली आणि १८७१ साली त्यावर लेख लिहिला. बहुतेकांच्या हृदयात दोष सापडला नव्हता. म्हणजे हा त्रास खोटा नाही आणि भित्रेपणाही नाही.

आता दुसरी बाजू, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका भगिनीची धडधड घरच्यांनी दोन वर्षे "पोरीच्या लग्नाचं टेन्शन" म्हणून घालवली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झालेली. ठोके पूर्ण अनियमित. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. बाईंचे निदान वेळेवर झाले, एवढेच. उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण नुसता युरिया फेकत नाही. केवडा आहे, पाणी साठले आहे की मुळाशी हुमणी आहे, ते उपटून पाहतो. मग घरच्या माणसाच्या बाबतीत न बघताच "टेन्शन" का ठरवायचे? बायकांच्या बाबतीत तर हे फारच होते. त्यांच्यात रक्त कमी असणे हेही धडधडीचे नेहमीचे कारण आहे, आणि ते एका साध्या तपासणीत कळते.

धडधडीबरोबर भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे, दम लागणे यांपैकी काही असेल तर थांबू नये, १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. चढावर किंवा मोळी उचलताना धडधड सुरू होत असेल, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, तरी तपासणी लांबवू नये. बाकीच्यांनीही एकदा कार्डिओग्राम काढून घ्यावा. मात्र धडधड चालू असताना काढलेली पट्टी खरी बोलते. बसल्यावर ती थांबते, असे असेल तर चोवीस तास अंगावर बांधायचे होल्टर यंत्र डॉक्टर सुचवतात.

नाडी मोजायला पैसे लागत नाहीत. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवावीत, घड्याळात पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. आकडा, वेळ आणि त्या वेळी काय करत होतो, हे तोडचिठ्ठीच्या पाठीवर लिहिले तरी चालेल. डॉक्टरांना तो कागद दाखवावा. आणि गट ऑफिसात बसल्या बसल्या चहाचे किती कप झाले, तंबाखूचा बार कितव्यांदा भरला, मिश्री किती वेळा लावली, तेही प्रामाणिकपणे लिहावे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधड वाढते.

मेहुण्यांना औषध दिले नाही. चहा दोन कपांवर आणला आणि श्वास सावकाश, लांब सोडायला शिकवले. आता ते एक गाडी सोडून दुसरी धरतात. गर्दी काही कमी झालेली नाही, धडधडही अधूनमधून होते. काळजीने झोप उडाली असेल, मनात वाईटसाईट विचार येत असतील तर १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आम्ही प्रत्येक गट ऑफिसात तोडणी कार्यक्रमाच्या फलकाशेजारी लिहून ठेवत आहोत.

— ऊस विकास अधिकारी